कसाची खुर्ची

धाकटीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला छत्तीस वर्षं झाली. पत्र लहान होतं. ख्यालीखुशाली नाही, नमस्कार नाही.

"दादा, माझ्या बांगड्या इथे तपासल्या. आत छाप ९१६ची आहे आणि सोनं ७५० भरलं. मी बदलून आणल्या असं घरात म्हणतात. कपाटाची किल्ली माझ्याकडून काढून घेतली आहे. आपल्या दुकानात ज्या दिवशी त्यांच्यावर छाप पडली त्या दिवशी कसाच्या खुर्चीत कोण होतं, एवढंच कळव."

सोबत एक पाकीट होतं. त्यावर तिने स्वतःचाच पत्ता लिहून तिकीटही लावून दिलं होतं. तिला माझा स्वभाव ठाऊक होता. ते पाकीट मी खूण म्हणून पुस्तकात घातलं. पुस्तक संपलं की पाकीट पुढच्या पुस्तकात जायचं. छत्तीस वर्षं मी जे जे वाचलं त्यात धाकटीचा पत्ता होता.

उत्तर अवघड होतं असंही नाही. एका शब्दाचं होतं. तो शब्द "बाबा" होता, आणि छाप पडली त्या दिवशी बाबांना जाऊन बावीस दिवस झाले होते.

आमच्या दुकानात बाबांचा एक नियम होता. जो घडवेल त्याने कस लावायचा नाही, आणि जो कस लावेल त्याने छाप मारायची नाही. तीन कामं, तीन माणसं. भाऊ मागच्या खोलीत घडवायचा. मधल्या खोलीत उंच पाठीच्या खुर्चीत बाबा बसायचे. ते काळ्या दगडावर दागिना घासायचे, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचे आणि रेघ किती टिकते ते बघायचे. हजार भागांत नऊशे सोळा भाग सोनं भरलं की एकच शब्द म्हणायचे, "उतरलं." मग भिंतीतल्या झरोक्याच्या फळीवर दागिन्याची तबकडी सरकायची आणि पलीकडे मी ती उचलायचो. माझ्याकडे ऐरण, हातोडी आणि तीन ठसे होते: आमच्या दुकानाचा कंदील, ९१६चा आकडा आणि वर्षाचं अक्षर. ते मारायचे आणि पुढचा शब्द ऐकू येईपर्यंत वाचत बसायचं. झरोक्यातून मला खुर्ची दिसत नसे. मला फक्त ऐकू येत असे.

पत्र आलं त्या महिन्यात मी हातोडी खाली ठेवली आणि वाचनालयात नोकरी धरली. घरच्यांना वाटलं पुस्तकांच्या ओढीने गेलो. कोणी तसं म्हणालं की मी मान हलवायचो.

*

परवाच्या सोमवारी आम्ही सगळे जुन्या दुकानात जमलो. सोमवारी दुकान बंद असतं. महिनाअखेरीस ती जागा सोडायची आहे. पुतण्याने पलीकडच्या हमरस्त्यावर काचेचं मोठं दुकान घेतलं आहे. आता नवा नियम आला आहे. प्रत्येक दागिन्यावर शुद्धतेच्या आकड्याबरोबर त्या दागिन्याचा स्वतःचा वेगळा क्रमांक लागतो. म्हणून पुतण्याने सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं की ज्यांच्याकडे आपल्या कंदिलाचे दागिने आहेत त्यांनी पाठवावेत, फुकट तपासून नवी छाप करून देऊ. नव्या दुकानाची तेवढीच जाहिरात.

डब्या आल्या. टेबलावर रांग लागली. पुतण्या खुशीत होता. इस्त्रीएवढं यंत्र हातात धरून तो दागिन्यावर रोखायचा, आकडा मोठ्याने वाचायचा आणि त्याची मुलगी लिहून घ्यायची. ही माझ्या भावाची नात. शुद्धता तपासणाऱ्या केंद्रात नोकरीला आहे. लहानपणापासून तिला आम्ही ठिणगी म्हणतो, कारण ती बोलली की काहीतरी पेटतं.

"नऊशे सोळा," पुतण्या म्हणाला. "नऊशे सतरा. पोथीकाका, तुमचा हात लागलेलं सोनं स्वतःहून एक भाग वाढतंय."

घरात मला पोथी म्हणतात. मी हसलो. मला त्या रांगेच्या टोकाची डबी दिसली होती. तिच्यावरचं अक्षर मी रोज रात्री पुस्तक मिटताना पाहतो.

भाऊ भिंतीला पाठ लावून स्टुलावर होता. माझी भावजय दारात उभी होती. बसायला खुर्ची नव्हती असं नाही. बाबांची खुर्ची जागेवरच होती, दाराकडे पाठ करून, पुढ्यात दगड. अडतीस वर्षांत तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. बसायचं नाही असं कोणी कधी ठरवलंही नव्हतं. भाऊ कस लावायला बाहेरचा माणूस बोलवायचा आणि तो खिडकीजवळ आपलं बूड टेकायचा. आलेलं माणूस आधी त्या खुर्चीकडे बघायचं आणि मग दुसरीकडे बसायचं, एवढंच.

*

भावजयीने त्या सोमवारी काय पाहिलं ते तिने मला नंतर सांगितलं. माझ्याकडून सांगण्यात कमीजास्त होईल, पण ती खोटं बोलणारी बाई नाही.

ती दाराशी उभी राहून दगडाकडे बघत होती. रोज संध्याकाळी ती दगड तेलाच्या फडक्याने पुसते. सासऱ्यांच्या वेळची सवय. त्या दगडावर आता कोणी कस लावत नाही, दुकानात यंत्र आहे. तरी सकाळी कुलूप काढलं की दगडावर एक रेघ असते. करंगळीच्या नखाएवढी. रोज नाही. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. पहिल्यांदा दिसली तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, कवडसा असेल. तिने पुसली, तर फडक्याला पिवळा डाग आला. तो डाग तिने नवऱ्याला दाखवला नाही. तो बघणार नाही हे तिला माहीत होतं.

त्या सोमवारी सकाळीही रेघ होती. तिने पुसली नाही. माणसं येणार होती. बघू दे एकदा कोणीतरी, असं तिच्या मनात आलं.

*

पुतण्याने धाकटीची डबी उघडली. चार बांगड्या, चिठ्ठी नाही. त्याने यंत्र रोखलं आणि आकडा वाचला नाही. दुसरी घेतली. तिसरी. चौथी झाल्यावर त्याने यंत्र टेबलावर ठेवलं.

"साडेसातशे," तो म्हणाला. "चारही."

मग तो जे बोलला ते आमच्या घरात पूर्वी कोणी उघड बोललं नव्हतं, पण सगळ्यांनी कधी ना कधी मनात आणलं होतं. म्हणाला, म्हणजे आत्याच्या सासरचे म्हणत होते ते खरंच होतं तर. नव्या बनवून घेतल्या आणि फरकाचे पैसे कुठे गेले देव जाणे. जाऊ दे, आता त्या म्हाताऱ्या झाल्या, डबी बंद करून परत पाठवू, कोणाला काही बोलायचं नाही.

ठिणगीने बांगडी उचलली आणि भिंग डोळ्याला लावलं. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होतो.

"बाबा, हा कंदील आपलाच आहे," ती म्हणाली. "कडीला डावीकडे तडा आहे बघा. आपल्या ठशाला आहे तसाच."

"छाप उचलून दुसरीकडे डाग देऊन बसवता येते," पुतण्या म्हणाला.

"जोड दिसला असता. जोड नाही." तिने बांगडी फिरवली. "आणि आकडा दोनदा मारलाय. नऊशे सोळाच्या मागे आणखी एक पुसट नऊशे सोळा आहे, केसभर सरकून. चारही बांगड्यांवर. बावीस कॅरेट मऊ असतं, ठसा एका ठोक्यात बसतो. हे कडक होतं. पहिला ठोका उमटला नाही, म्हणून दुसरा मारला." तिने भिंग खाली केलं. "छाप पडली तेव्हाच सोनं साडेसातशेचं होतं. आत्याआजीने काहीही बदललेलं नाही."

मग तिने माझ्याकडे बघून अगदी सौम्यपणे विचारलं, "मोठे आजोबा, तेव्हा छाप तुम्ही मारत होतात ना?"

मी हो म्हणालो.

"मग कस कोणी लावला?"

अडतीस वर्षांपूर्वीची ती दुपार मला स्पष्ट आठवते, निदान मला तसं वाटतं. धाकटीचं लग्न पुढे ढकलायचं नाही असं बाबांनीच अंथरुणावरून बजावलं होतं. ते गेले आणि दुकानात फक्त तिच्या बांगड्यांचं काम उरलं. मी माझ्या खोलीत वाचत होतो. पलीकडून आवाज आला, "उतरलं." मी हात पुढे केला. फळीवर तबकडी होती. बांगडी ऐरणीवर घेतली, आकडा मारला आणि तो नीट बसला नाही. म्हणून आणखी एकदा मारला. चौथी बांगडी होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की तो आवाज कोणाचा होता.

हे सगळं मी त्या खोलीत सांगितलं नाही. मी म्हणालो, "मला वाटलं भावाने लावला."

*

भाऊ स्टुलावरून उठला आणि मागच्या खोलीत गेला. कपाटाचा खालचा खण ओढल्याचा आवाज आला. तो खण कायम अडतो. परत आला तेव्हा त्याच्या हातात चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने चिंधी सोडली. सोन्याची चपटी पट्टी होती, दोन बोटं रुंद.

"ही तिची," तो म्हणाला. "ही नऊशे सोळाची. हिच्या बांगड्या व्हायच्या होत्या."

मग त्याने सांगितलं ते असं. बाबांना जाऊन वीसेक दिवस झाले होते. त्याचं कशात लक्ष नव्हतं. खणात दोन पट्ट्या होत्या, एक धाकटीच्या बांगड्यांची आणि एक हिऱ्याच्या कोंदणासाठी आणलेली साडेसातशेची, कारण खडे धरून ठेवायला कडक सोनं लागतं. त्याने चुकीची उचलली. रंगात थोडा फरक होता, पण त्या दिवसांत त्याला सगळंच पिवळं दिसत होतं. धाकटी सासरी गेल्यावर चौथ्या दिवशी कोंदणाचं काम काढलं तेव्हा खणात ही पट्टी निघाली.

"तेव्हाच का नाही बोललात?" पुतण्याने विचारलं.

"कस लागला होता ना," भाऊ म्हणाला. "मला वाटलं दादाने लावला. दादाने लावून जर सोडलं, तर त्याला माहीत आहे आणि त्याने सांभाळून घेतलं. मी काय बोलणार?"

"मी?" मी म्हणालो. "छाप मारणारा मी. मी कस कसा लावेन?"

"आणि घडवणारा मी. मी कसा लावेन? बाबा गेल्यावर कोण लावणार हे तू मला विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं. बाबांच्या जागेबद्दल तोंड उघडायचं तर आधी बाबा नाहीत हे म्हणावं लागलं असतं. नियम मोडायचा तर दुसऱ्याने मोडावा असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. असली चूक आमच्याच घरात होऊ शकते.

"पण मी ऐकलं ना," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "मी तबकडी खुर्चीपुढच्या टेबलावर ठेवली आणि वळलो. मागून आवाज आला, उतरलं म्हणून. मला वाटलं तू बोळातून येऊन बसलास."

"मी माझ्या खोलीत होतो. मलाही ऐकू आलं. मला वाटलं तू नक्कल केलीस. बाबांची नक्कल तू करायचास."

"ते मेल्यावर? दादा, मी इतका निर्लज्ज आहे का?"

मी टेबलाकडे बघितलं. टेबल आणि झरोक्याची फळी यांच्यात हातभर अंतर आहे. खुर्चीत बसलेला माणूस हात लांब करून तबकडी सरकवू शकतो.

"तबकडी तू टेबलावर ठेवलीस," मी म्हणालो.

"हो."

"मला ती फळीवर मिळाली."

भाऊ मागे सरकून स्टुलावर बसला आणि त्याने स्टूल भिंतीकडे आणखी ओढलं.

तेव्हा दारातून भावजय म्हणाली, "मीही ऐकलं होतं."

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. ती सांगत गेली, कोणाकडेही न बघता. ती चहाचे कप घ्यायला बोळातून येत होती. आवाज ऐकला आणि दारात थांबली. खुर्चीची पाठ दाराकडे होती. "मी पाठच पाहिली," ती म्हणाली. "कोणी बसलंय की नाही ते पाठीवरून कळत नाही. मी कप न घेता परत गेले."

"आई, तुम्हाला तिघांनाही भास झाला असेल," पुतण्या म्हणाला. "घरात नुकतं माणूस गेलेलं असतं तेव्हा होतं असं."

"झाला असेल," ती म्हणाली. "पण मला एक कळतं. तुझे आजोबा धडधाकट होते तेव्हा त्यांनी ते सोनं सोडलं नसतं. शेवटचे दोन दिवस त्यांचं भान गेलं होतं. मी उशाशी असायचे. हातात काहीही दिलं की चादरीवर घासायचे. चमचा घासला, म्हणाले उतरलं. गोळीचं पाकीट घासलं, उतरलं. माझं बोट धरून घासलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, उतरलं." ती थांबली. "त्या दिवशी ऐकला तो आवाज तसा होता. शेवटच्या दिवसांतला. सगळ्याला हो म्हणणारा."

दुपारचा एक वाजला असेल. रस्त्यावर रहदारी होती, शटर अर्धं उघडं होतं आणि त्याखालून माणसांचे पाय जाताना दिसत होते. तरी मी सांगतो, त्या खोलीतल्या पाचजणांपैकी एकाचीही नजर खुर्चीवरून हलत नव्हती.

*

पुतण्याचं मन मला पूर्ण कळतं असं मी म्हणणार नाही, पण तो वाईट नाही. त्याने डोक्यावर मोठं कर्ज घेऊन ती काचेची जागा घेतली आहे आणि कंदिलाच्या नावावर घेतली आहे. तो आवाज चढवून नाही, हळू बोलला. म्हणाला, आत्याबद्दल मी बोललो ते चुकलं. तिला हवं तर याच पट्टीच्या नव्या बांगड्या करून देऊ, आजच सुरुवात करू. पण कागदावर काही लिहू नका. एकदा लिहून दिलं की कंदिलाखालचा आकडा खोटा असतो, तर गावातलं प्रत्येक कपाट उघडेल. लोक आजीच्या काळातल्या साखळ्या घेऊन दारात उभे राहतील.

"राहू देत," ठिणगी म्हणाली. "तपासू."

"तुझ्या नोकरीवर आलं तर?"

"बाबा, मी दिवसभर लोकांना हेच सांगते. नुसता आकडा बघू नका, तो कोणी मारला ते बघा. उद्यापासून काय सांगू?"

पुतण्याने आधारासाठी वडिलांकडे बघितलं. भावाने मान खाली घातली होती. मग त्याने आईकडे बघितलं. मला वाटत होतं भावजय मुलाची बाजू घेईल. आजवर तिने दुसरं काही केलेलं नाही, आणि धाकटीशी तिचं कधी जमलंही नाही.

"तिच्या सुनेकडे किल्ली आहे," भावजय म्हणाली. "सून येऊन आठ वर्षं झाली आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला किल्ली दिली. धाकट्या वन्सं अजून रुमालासाठी सुनेला हाक मारतात. मला बांगड्यांचं सांगू नकोस. बांगड्या तिने मागितल्याच नाहीत."

मी उठलो आणि बोळातून माझ्या जुन्या खोलीकडे जाऊ लागलो. कागद तिथेच असतात असं मी म्हणालो. खरं तर मला तिथून पळायचं होतं, मी तसाच आहे. दाराशी पोचलो तेव्हा ठिणगीने हाक मारली.

"मोठे आजोबा, या दगडावर रेघ कोणी काढली?"

भावजय म्हणाली, कोणीही नाही, सकाळपासून आहे. कधीकधी असते. भावाने तिच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. ठिणगीने पिशवीतून तेजाबाची लहान बाटली काढली आणि उभ्यानेच वाकून रेघेवर थेंब सोडला. मी होतो तिथेच थांबलो. नऊशे सोळाची रेघ त्या थेंबाला दाद देत नाही. ही बघता बघता फिकट झाली आणि गेली.

"हे नऊशे सोळा नाही," ती म्हणाली. तिने धाकटीची एक बांगडी घेतली आणि शेजारी नवी रेघ काढायला हात पुढे केला, पण उभ्याने तिला जोर लावता येईना. तिने इकडेतिकडे बघितलं. मग खुर्ची थोडी मागे ओढली आणि बसली.

भाऊ अर्धवट उठला. कोणी तिला अडवलं नाही, एवढंच खरं. लाकूड करकरलं. तिने बांगडी घासली, थेंब सोडला, आणि ती रेघही तशीच, तितक्याच वेळात, फिकट होत गेली. दोन रेघा शेजारी शेजारी होत्या, एक आत्ताची आणि एक कोणी काढलेली आम्हाला माहीत नसलेली. ज्या बांगड्यांचं ते सोनं होतं त्या अडतीस वर्षं या खोलीत आल्या नव्हत्या.

खुर्चीची पाठ आमच्याकडे होती. ठिणगी बुटकी आहे. तिचं डोकं खुर्चीच्या पाठीच्या वर येत नाही. आम्हाला नुसती खुर्ची दिसत होती आणि तिच्यातून आवाज आला.

"नाही उतरलं."

हे शब्द त्या खुर्चीतून मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. बाबांना नापास करायचं असलं की ते गप्प बसायचे आणि तबकडी मागे ढकलायचे. भाऊ रडत होता. बहात्तर वर्षांचा माणूस, तोंडावर हात न घेता.

*

पत्र मी झरोक्याजवळच्या माझ्या टेबलावर लिहिलं. आठ मसुदे केले. पहिल्यात बाबांचा आवाज होता. दुसऱ्यात माझ्या वाचनाची सवय होती, तिसऱ्यात भावाचं दुःख. प्रत्येक मसुद्यात कोणीतरी दुसरा माझ्या बाजूला उभा होता. भावाने झरोक्यातून डोकावून विचारलं, आवाजाचं लिहितोयस का? मी विचारलं, लिहू का? तो म्हणाला, तिने जे विचारलं तेवढंच लिही.

म्हणून एवढंच राहिलं.

"खुर्चीत कोणी नव्हतं. कस लावलाच नव्हता. भावाने चुकून साडेसातशेची पट्टी वापरली, आणि छाप मी मारली. पहिला ठोका बसला नाही तेव्हाच माझ्या हाताला कळलं होतं की हे ९१६ नाही. तरी मी दुसरा मारला. तू काही बदललं नाहीस. हे पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखव. तुझी पट्टी आमच्याकडे आहे."

हाताला कळलं होतं, हे वाक्य लिहीपर्यंत मला स्वतःला ठाऊक नव्हतं. की ठाऊक होतं. मी कुठल्या तोंडाने सांगू?

खाली मी सही केली. भावाने केली. ठिणगीने यंत्रातून निघालेली चिठ्ठी जोडून सही केली. तीन माणसं झाली. पुतण्या शटरपाशी पाठमोरा उभा होता. मी सोबत आणलेल्या पुस्तकातून जुनं पाकीट काढलं तेव्हा तो वळला, त्याने पाकीट हातात घेऊन तिकिटाची किंमत बघितली आणि म्हणाला, "पोथीकाका, एवढ्यात हे गल्लीच्या तोंडापर्यंतही जायचं नाही." मग त्याने खिशातलं पैशांचं पाकीट उघडून आपल्याकडची तिकिटं काढली आणि एकेक जिभेला लावून जुन्या तिकिटाच्या शेजारी चिकटवली. पत्ता झाकला जाणार नाही याची काळजी घेत. शेवटी कागद हातात घेऊन त्याने पूर्ण वाचला, घडी घालून आत सरकवला आणि पाकीट मला दिलं.

पेटी कोपऱ्यावर आहे. मी एकटा गेलो. कोणी सोबत यायला निघालं असतं तर मी परत फिरलो असतो. पाकिटाचा कागद इतका जुना झाला होता की बोटांना कापडासारखा लागत होता. झडप वर केली, हात आत घातला आणि सोडलं.

पाकीट आत पडल्याचा आवाज आला. मागे रस्ता वाहत होता. सवयीने मी वाकून कान दिला. मग आतून कोणी काही म्हणायच्या आत झडप सोडली आणि घराकडे वळलो.